अनया, अनाया आणि एक काना

धाकट्या भावाचा निरोप आला तेव्हा मी एका कादंबरीची शेवटची मुद्रितं तपासत होते. निरोपात त्याच्या लेकीसाठी चार नावं होती: अनया, अनाया, अनन्या, आन्या. खाली भावजयीने लिहिलं होतं, "ताई, चारही आवडलीत. तुमचं आयुष्य ऱ्हस्व-दीर्घात गेलंय, अर्थ तुम्हीच बघा." त्यांना मिळालेल्या यादीत चारही नावांपुढे एकच शब्द होता, 'अद्वितीय'.

चार नावांचा अर्थ एकच, हे मला पटेना. रात्री कोश घेऊन बसले.

अनन्या त्यातलं सगळ्यात सरळ. 'अन्या' म्हणजे दुसरी. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाला संस्कृतात नकार लावायचा तर 'अ' नाही, 'अन्' लागतो. अनंत, अनादी तसंच अनन्या. जिला दुसरं काही नाही ती. 'जिच्यासारखी दुसरी नाही' हा अर्थही चालतो, यादीवाल्यांनी तोच घेतलाय. पण मला गीतेतला वापर जास्त जवळचा वाटतो. अकराव्या अध्यायाच्या शेवटी 'भक्त्या त्वनन्यया' असं येतं. तिथे अनन्या भक्ती म्हणजे जिचं चित्त दुसरीकडे वळतच नाही अशी. अद्वितीय म्हटलं की शेजारी कुणीतरी तुलनेला उभं करावं लागतं. अनन्य असायला कुणी लागत नाही.

आन्याला या 'अन्या'शी काही घेणंदेणं नाही. ते रशियनमधलं ॲनाचं लाडाचं रूप. ॲना आली हिब्रू हन्नापासून, आणि हन्ना म्हणजे कृपा. बायबलच्या जुन्या करारातल्या शमुवेलच्या आईचं हे नाव. स्पॅनिशमधली अनिता हीसुद्धा ॲनाचंच लाडकं रूप.

अनाया तिसऱ्याच घरची. अरबीत 'इनाया' म्हणजे काळजी, आस्था; गझलांमधून आपल्या कानावर येणारा 'इनायत' हा तोच शब्द. मुलीचं नाव अनाया ठेवणारे बरेच आईबाप हाच अर्थ मनात धरतात, आणि तो सुंदर आहे. हिब्रूतही एक अनाया आहे, 'देवाने उत्तर दिलं' या अर्थाचा. पण तो पुरुष. जुन्या करारातल्याच नहेम्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री लोकांपुढे नियमशास्त्र वाचायला उभा राहतो, तेव्हा त्याच्या उजव्या हाताला उभ्या असलेल्यांत हे नाव आहे.

राहिली अनया. नेमकी तीच भावजयीची सर्वांत आवडती. 'नी' म्हणजे नेणे, त्यावरून 'नय' आणि 'नीती'. नयाला नकार लावला की अनय. कोशात त्यापुढे अनीती, गैरवर्तन, संकट असे अर्थ दिलेत. मी पान मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. मराठी कानाला अनय म्हणजे आधी राधेचा नवरा, गौळणींतून ओळखीचा झालेला, त्यामुळे मुलाचं नाव म्हणून ते खटकत नाही. पण अर्थ विचारलाय म्हटल्यावर तो लपवायचा कसा?

हा सगळा घोळ रोमन लिपीतून आला असावा असं मला वाटतं. तिथे अनया आणि अनाया यांची पाच अक्षरं अगदी सारखी. आपल्या लिपीत जो काना दोन भाषा वेगळ्या ठेवतो, तो तिथे दिसतच नाही. तनया आणि तान्या घ्या. तनया संस्कृत, 'तन्' म्हणजे विस्तारणे या धातूवरून, कुळाचा विस्तार करणारी, म्हणून मुलगी. तान्या हे रशियन तात्यानाचं छोटं रूप, आणि त्याचं मूळ तातिउस या प्राचीन रोमन नावात. लीला म्हणजे खेळ. लैलाच्या मुळाशी अरबी रात्र. एखादी मात्रा हलली की मूळ पार दुसऱ्या मुलखात जातं, म्हणून मी नाव आधी देवनागरीत लिहून बघते.

दुसऱ्या दिवशी फोनवर मी अनयचा अर्थ सांगितला. भावजय गप्प झाली. "मग नको," म्हणाली, पण आवाज उतरला होता.

आणि बोलता बोलताच मला शाळेत घोकलेली रूपं आठवली. अनया, आभ्याम्, आभिः. 'इदम्' सर्वनामाचं स्त्रीलिंग, तृतीया विभक्ती, एकवचन! 'अनया रीत्या' म्हणजे या रीतीने. नुसतं 'अनया' म्हटलं तर हिच्याकडून, हिच्यामुळे, हिच्या योगाने. या रूपात नकार कुठेच नाही. अक्षरं तीच, पण घडण पूर्ण वेगळी, आणि नाव ठेवणाऱ्याने यातली कोणती मनात धरायची हा त्याचा हक्क आहे असं मी मानते.

"हिच्यामुळे," ती दोनदा म्हणाली. मग भावाला हाक मारून तिने सांगितलं, "ठरलं. काना नाही द्यायचा."

जन्मदाखल्याच्या अर्जातलं मराठी नाव मी स्वतः तपासणार आहे.