पान उलटून बघण्याचा धंदा

आता आम्ही घरोघरच्या कुंड्यांतली कीड काढतो, पण २०१४ साली सांगलीच्या गावभागात भाड्याचा गाळा घेतला तेव्हा फक्त झाडं विकायचो. मागं पत्र्याची शेड, पुण्याहून टेम्पोनं येणारा माल: मनी प्लांट, स्नेक प्लांट, अरेका पाम, अग्लोनेमा. बायको हिशेब बघायची, मी कुंड्या भरायचो. कीड ही द्राक्षवाल्यांची डोकेदुखी, आपला काय संबंध, अशी समजूत.

पहिल्याच वर्षी विश्रामबागच्या एक काकू अग्लोनेमाची कुंडी रिक्षात घालून परत आल्या. "पैसे नकोत, पण हे काय दिलंय ते सांगा." पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके. मी ठोकून दिलं, बुरशी आहे, आणि बुरशीनाशकाची पुडी हातात ठेवली. पंधरा दिवसांत त्यांच्या आणखी चार कुंड्या पांढऱ्या झाल्या. तोवर आमच्या शेडमध्येही तेच. निम्मा माल उकिरड्यावर गेला.

तासगावच्या मामांची द्राक्षबाग आहे. त्यांनी पान उलटलं आणि हसायलाच लागले. "आरं, मिलीबग हाय ह्यो, पिठ्या ढेकूण. बुरशीला पाय असत्यात व्हय?" मग कुंडीच्या काठावरची मुंग्यांची रांग दाखवली. "ह्या कशाला चढत्यात? ढेकूण चिकट गोड पाणी सोडतोय, ते खायला. मुंग्या दिसल्या की वर बघायचं." काकूंकडे जाऊन मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक ढेकूण पुसला. मेणाचं कवच त्यानं विरघळतं. दर आठ दिवसांनी तीनदा गेलो, कारण लपलेल्या अंड्यांतून पुन्हा पिल्लं निघतातच. काकूंनी चहा दिला, पण नवीन झाड घेतलं नाही.

द्राक्षाच्या मांडवाखाली चालतं ते बैठकीच्या खोलीत चालत नाही, हे मात्र आम्ही आपटून शिकलो. एका ऑफिसातल्या अरेकाची पानं एप्रिलमध्ये निस्तेज झाली, त्यांवर बारीक पिवळे ठिपके उमटले. मी पाठीवरचा पंप घेऊन गेलो आणि बागेत वापरतात तेच पायरेथ्रॉइड नावाचं कीटकनाशक मारलं. माणसं खोकत बाहेर पळाली आणि पुढच्या आठवड्यात पानांखाली जाळी वाढलेली. तो लाल कोळी होता, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. कोळी कीटकच नव्हे, आठ पायांचा जीव. असल्या औषधानं तो सहसा आटोक्यात येत नाही, त्याला खाणारे जीव तेवढे मरतात. ते बिल मी मागितलंच नाही. आता पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारतो. पडलेले ठिपके चालायला लागले की कोळी. उन्हाळ्याची कोरडी हवा आणि एसीचा झोत त्याला फार मानवतो. झाड न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवायची, हाच पहिला उपाय.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. गाळा, शेड, कुंड्या सगळं पाण्याखाली. उरलं काय, तर एक हातपंप आणि गिऱ्हाइकांचे नंबर. विकायला झाडच नव्हतं, म्हणून लोकांची झाडं बरी करायला घरोघर जायला लागलो. सेवा वगैरे भारी शब्द नंतर आले, तेव्हा भाडं भागवायचं होतं. त्या पावसाळ्यात तक्रार एकच: कुंडीतून उडणारी काळी चिलटं. त्यांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या थरात वाढतात. वरची दोन बोटं माती सुकेपर्यंत पाणी बंद आणि उडणाऱ्यांसाठी पिवळा चिकट सापळा. औषध लागतच नाही. पण औषधाविना पैसे देताना लोकांचं तोंड वाकडं व्हायचं.

आता विश्रामबागेत छोटी जागा आहे, हाताखाली दोन पोरं. नवा माल तीन आठवडे वेगळ्या कोपऱ्यात राहतो. करोनानंतर पोरं त्याला आयसोलेशन वॉर्ड म्हणतात. निंबोळी तेलाचं प्रमाण भिंतीवर लिहिलंय: १ लिटर कोमट पाण्यात आधी थोडा लिक्विड सोप, मग ५ मिली तेल. संध्याकाळीच फवारायचं, आणि आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबायचं. नेचाची (फर्नची) नाजूक पानं करपतात. वास घरभर राहतो, ते वहिनींना आधीच सांगतो.

बऱ्याचदा कीड नसतेच. बोअरच्या पाण्याचे क्षार पानावर पांढरे डाग पाडतात आणि लोक धास्तावून फोन करतात. लिंबाच्या पाण्यानं पुसलं की डाग जातो, आम्ही फक्त येण्याजाण्याचे पैसे घेतो.

गॅरंटी मात्र खवले किडीची देत नाही. ती देठाला तपकिरी टिकलीसारखी चिकटून बसते, कवचावरून फवारणी ओघळून जाते. जुना टूथब्रश घेऊन खरवडायची, महिनाभर लक्ष ठेवायचं. रबर प्लांटच्या एका कुंडीपायी गेल्या वर्षी पाच चकरा झाल्या, शेवटी गिऱ्हाईकच म्हणालं, "दादा, राहू द्या आता, नवीनच द्या एक."