वाशीच्या तळ्याला तळं म्हणू नका

परवा संध्याकाळी वाशीला मिनी सीशोअरवर बसलो होतो, सोबत ऑफिसमधली दोघं होती, त्यातली एक पुण्याची. ती म्हणाली किती मस्त तळं आहे रे, कोणी बांधलं? मी बोलायला लागलो आणि तासभर थांबलोच नाही. तेच इथे लिहून काढतोय, कारण नवी मुंबईत वीस-वीस वर्षं राहणाऱ्यांनाही हे माहीत नसतं.

ते तळं नाही. होल्डिंग पॉन्ड आहे, धारण तलाव. वाशी, कोपरखैरणे, सानपाडा, बेलापूर हा सगळा खाडीकडचा पट्टा मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणजे उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आपल्या रस्त्यापेक्षा वर असतं. सिडकोने १९७० नंतर शहर वसवताना नेदरलँड्सच्या पोल्डरच्या, म्हणजे बांध घालून पाण्याकडून मिळवलेल्या सखल जमिनीच्या धर्तीवर बांध घातले आणि आत हे तलाव ठेवले, नाल्यातून येणारं पावसाचं पाणी त्यात साठतं, खाडीच्या तोंडाला झडपा असतात, भरती चढली की पाण्याच्या दाबानेच झडप बंद होते आणि ओहोटी लागली की तलावातलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. बस्स, एवढंच. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की सगळा भार या तलावांवर, मग पंप लावावे लागतात.

पण आमच्या आजीला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आम्ही घणसोलीकडचे आगरी, आमची खाडीलगतची शेती खारातली. खार म्हणजे खाजणाला, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीला बांध घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन. आमच्या बांधालाही झडप होती, तिला उघाडी म्हणायचे, लाकडी फळीची, काम अगदी तेच. बांध चिखलाचा, भांगाच्या दिवसांत म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं तेव्हा माणसं रांगेने उभी राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायची. आजी सांगायची की बांधाचा खरा वैरी लाट नाही, चिंबोरी, म्हणजे खेकडा. चिंबोरीने बीळ केलं की त्यातून आधी बोटाएवढी धार येते आणि ती वेळेत दिसली नाही तर रात्रीत खांड पडते, म्हणजे बांधच फुटतो. खांड गेली की खारं पाणी शेतात, आणि मग मीठ धुवून निघेपर्यंत दोन-तीन पावसाळे भात विसरायचा. म्हणून अमावास्या-पौर्णिमेला आजी आजोबांना झोपू द्यायची नाही. "उधान हाय, बांदाव जाऊन ये." मी लहानपणी हे इतक्यांदा ऐकलंय की अजून कानात आहे.

भरतीची वेळ बघायला ॲप नव्हतं, हिशोब तोंडी होता, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती, पौर्णिमेला पंधराची सव्वाअकरा. मी अजून तसाच काढतो, थोडंफार मागेपुढे होतं पण चालतं.

आणि बांधासमोरचा तिवर, म्हणजे खारफुटीची झाडं, कोणी तोडायचा नाही, तो लाट आधीच मोडतो. आज आपण खारफुटी वाचवा म्हणतो ते योग्यच आहे, पण आमच्याकडे तो पर्यावरणाचा विषय नव्हता, पोटाचा होता.

ठाण्याची खाडी ही तशी नदी नाहीच. २६ किलोमीटरचा समुद्राचा फाटा, वर ठाण्याजवळ अरुंद होत उल्हास नदीला जोडलेला, त्यामुळे गाळ साचत राहतो. ओहोटीला तो गाळ उघडा पडतो आणि त्यात निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारत असतात, त्याच गाळावर रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात. पलीकडे मुलुंड-भांडुपला मिठागरांचे चौकोन. आगर म्हणजे मीठ पिकवायची जागा, आमचं नावच त्यावरून पडलं. २०१५ ला इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ ला खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, ६५ चौरस किलोमीटर. मला याचा मनापासून आनंद आहे.

मधल्या काळात काय झालं ते मात्र सांगायलाच हवं. शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या बाजूला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. जमिनीचा हिशोब असा थोडाफार लागला, पण बांध राखायचं जे ज्ञान होतं ते कोणी विचारलंच नाही आणि आमच्या पिढीनेही सोडून दिलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता त्याच धारण तलावांत गाळ भरलाय. गाळावर तिवर उगवलाय, आणि तिवर तोडायला हायकोर्टाची परवानगी लागते, २०१८ च्या निकालाने ते आणखी पक्कं झालं. गाळ काढला नाही तर पाणी साठायला जागा नाही, आणि काढायचा तर झाडं जातात. मला विचाराल तर सरसकट दोन्ही चूक. बाहेरच्या काठाच्या, खाडीकडच्या तिवराला हात लावायचा नाही आणि आत फक्त पाण्याची वाट मोकळी करायची, बांध राखणाऱ्यांनी हेच केलं असतं. आमच्या सोसायटीत मागच्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी आलं तेव्हा सगळे गटाराला शिव्या देत होते, मी तिथी बघितली तर अमावास्या.

पुण्याच्या मैत्रिणीने शेवटी विचारलं, मग आत्ता काय चाललंय? त्या दिवशी पंचमी, पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे ओहोटी लागून तीन तास झालेले. तिला झडपेपाशी घेऊन गेलो. काळपट पाणी फळीखालून खाडीत जात होतं, आणि काठाच्या चिखलात एक चिंबोरी बिळाच्या तोंडाशी बसली होती.