बदलीची रांग, ग्वांगझोमधली

एक मेच्या सकाळी बाबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून कामगार मैदानावरच्या सभेला निघायचे. मला बोट धरून न्यायचे. परळच्या एका गिरणीत ते साचेवाले होते, पक्के लाल बावट्याचे. शिक्षण चौथी. चीनबद्दल त्यांना जे ठाऊक होतं ते सभांमधून ऐकलेलं: तिथे कामगारांचं राज्य आहे. बासष्टच्या युद्धानंतर चाळीत चीनचं नाव काढलं की लोक तोंड फिरवायचे. बाबा म्हणायचे, "सरकारांची भांडणं निराळी. तिथला साचेवाला आपल्यासारखाच."

बाबा २०११ मध्ये गेले. तिथला कामगार त्यांना कधी बघायला मिळाला नाही. मला मिळाला.

मी काळबादेवीत झिप, बटणं, लेस, इलॅस्टिकच्या एका व्यापाऱ्याकडे खरेदीचं काम बघते. ऑक्टोबर २०१९ मध्ये चौथ्यांदा दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोला गेले होते. आमचा बराचसा माल चोंगदाच्या कापडबाजारातून यायचा. सुन यत्-सेन विद्यापीठाजवळ हा बाजार आहे, आणि आपली कितीतरी मंगलदास मार्केटं त्यात मावतील एवढा त्याचा पसारा. सोबत नेहमीची दुभाषी होती. हूनान प्रांतातली, तिशीची. मला 'चिए' म्हणायची, म्हणजे ताई. तिचं नाव इथे लिहीत नाही, माझ्या लिहिण्याने तिला त्रास व्हायला नको.

एका सकाळी दुकानं उघडायच्या आधी ती मला बाजाराजवळच्या खांगल वस्तीत घेऊन गेली. पूर्वी हे शेतकऱ्यांचं गाव होतं. शहर वाढत वाढत चारी बाजूंनी आलं आणि गाव मधे राहिलं. मूळ गावकऱ्यांनी आपल्या जागेवर पाच-सहा मजली घरं उठवली, ती इतकी चिकटून की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येतो. लोक त्यांना 'हस्तांदोलनाच्या इमारती'च म्हणतात. खाली शिवणयंत्रांचे गाळे, वर भाड्याच्या खोल्या. राहणारे बहुतेक हूबे प्रांतातून आलेले.

गल्लीच्या दोन्ही बाजूंना गाळ्यांचे मालक ओळीने उभे होते. प्रत्येकाच्या हातात नमुन्याचा एक कपडा, कुणाकडे पुठ्ठ्यावर लिहिलेला दर. कामगार बाया येत होत्या. एकीने एका मालकाच्या हातातला फ्रॉक उलटा केला, बगलेची शिवण बोटांनी चाचपली, खिसे मोजले, कॉलर दुमडून बघितली आणि नगामागे दर विचारला. मालक काहीतरी बोलला. तिने फ्रॉक त्याच्या हातात परत दिला आणि पुढच्यापाशी गेली. तिथे पुन्हा तेच, शिवण, खिसे, कॉलर. चौथ्या माणसाशी तिचं जमलं. त्या दिवसापुरतं. उद्या पुन्हा गल्ली.

मी जागची हललेच नाही. बाबांनी कायम होण्याआधी सहा वर्षं बदलीवर काढली होती. पहाटे भोंग्याआधी गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर जॉबर, म्हणजे मुकादम, आत घेणार, नाहीतर परत खोलीवर. एक फरक मात्र दिसला, तो नमूद केला पाहिजे. खांगलमध्ये मालक उभा होता आणि कामगार फिरत होती. बाबांच्या वेळी उलटं होतं. हातात कसब असेल आणि हंगाम असेल तर त्या बाईला चार दारं होती. बाबांना एकच गेट.

दुभाषीला विचारलं, इथे युनियन नाही? ती म्हणाली, मोठ्या कारखान्यांत असते, सणाला भेटवस्तू देते. चीनमध्ये कामगार संघटनांचा अखिल चीन महासंघ हा एकच, कम्युनिस्ट पक्षाच्या हाताखालचा. त्याच्या बाहेर संघटना काढायला कायद्याने मुभा नाही. संप होतात, नाही असं नाही. २०१० मध्ये शेजारच्याच फोशान शहरात एका जपानी मोटार कंपनीच्या कारखान्यातल्या पोरांनी काम बंद करून पगारवाढ मिळवली. पण त्या संपात त्यांच्या अंगावर धावून गेलेली माणसं स्थानिक युनियनची होती.

नंतर मुंबईला येऊन मी थोडं वाचलं, तेव्हा एक तारीख सापडली. १९७५ आणि १९७८ च्या चिनी राज्यघटनांमध्ये संपाचं स्वातंत्र्य लिहिलेलं होतं. ४ डिसेंबर १९८२ ला नवी राज्यघटना आली, तीच आजही सुधारणांसह लागू आहे, आणि तिच्यातून ते शब्द काढून टाकले. एकोणीसशे ब्याऐंशी. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली आमचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि डिसेंबरपर्यंत आमच्या घरातली तांब्याची घंगाळं विकून झाली होती. त्याच महिन्यात तिकडे, कामगारांच्या राज्यात, संप हा शब्दच घटनेतून गेला. बाबा असते तर त्यांना हे कसं सांगितलं असतं, मला अजून कळत नाही. आम्ही हरलो, पण बाबांना उभं राहायला मैदान होतं, आणि सरकारविरुद्ध ओरडून ते रात्री घरी जेवायला येत होते.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी भाताच्या शेवयांच्या एका टपरीवर बसलो होतो. तिच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. सात वर्षांचा मुलगा, मागे मातीच्या रंगाची भिंत, आजीचा अर्धा चेहरा. मुलगा आईकडे बघत नव्हता. काहीतरी खात होता आणि आजी त्याला कोपराने ढोसत होती, बोल, बोल. दोन मिनिटांत कॉल संपला.

मी विचारलं, त्याला इथे का नाही आणत? तिने फोनमध्ये एक फोटो काढून दाखवला. लालसर मरून कव्हरची छोटी पुस्तिका, हुकौची, म्हणजे कुटुंबाच्या सरकारी नोंदणीची. आपल्या जुन्या रेशन कार्डासारखीच, घरात जपून ठेवायची वस्तू. प्रत्येक माणसाचं एक पान: कुटुंबप्रमुखाशी नातं, जन्मस्थळ, मूळ गाव, जन्मतारीख, शिक्षण, लग्न, आणि कुठून कधी इथे आला. तिच्या मुलाच्या पानावर हूनानमधलं गाव होतं. तो त्या गावात दोनच महिने राहिला होता तेव्हा ते पान भरलं गेलं.

ही पद्धत कायद्याने पक्की झाली जानेवारी १९५८ मध्ये. सगळ्या देशाची नोंद झाली, शेतकी आणि बिगरशेतकी. शहरवाल्याला रेशन, नोकरी, दवाखाना. गावकऱ्याने गावात राहायचं, धान्य पिकवायचं आणि सरकारला स्वस्तात द्यायचं, म्हणजे कारखाने उभे राहतील. धान्याच्या कुपनांशिवाय शहरात जेवणही मिळेना, मग गाव सोडून जाणार कुठे? दुसऱ्याच वर्षी दुष्काळ पडला, आणि तो मुख्यतः सरकारी धोरणाने ओढवलेला होता. अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटी मृत्यूंपर्यंत जातात. मेले ते बहुतेक गावकरी, ज्यांनी धान्य पिकवलं होतं ते. ती कुपनं १९९३ पर्यंत चालली. दुभाषीची आई सांगते, परप्रांतात जायचं तर देशभर चालणारी वेगळी कुपनं मिळवावी लागत, नाहीतर पैसे असूनही शेवयांची वाटी मिळत नसे.

आता कुपनं नाहीत. २०१४ मध्ये शेतकी-बिगरशेतकी हा भेदही रद्द करायचं ठरलं. छोट्या शहरांत नाव लावणं सोपं झालंय. पण ग्वांगझोसारख्या ठिकाणी गुण मोजतात: घर आहे का, किती वर्षं विमा भरला, शिक्षण किती. गुण कमी पडले की सरकारी शाळेत जागा नाही, मग खासगी शाळेची फी. आणि पुढे बारावीनंतरची ती गाओखाओ, कॉलेज प्रवेशाची परीक्षा, जिच्यावर पोराचं सगळं भवितव्य, ती साधारणपणे जिथली नोंद तिथूनच द्यायची. म्हणून आया मुलांना आजीकडे ठेवतात. २०२० च्या जनगणनेत नोंद एकीकडे आणि राहणं दुसऱ्या शहरात अशी ३७ कोटींहून जास्त माणसं निघाली. त्यांची गावी राहिलेली मुलं कोट्यवधी आहेत. त्यांच्यासाठी चिनी भाषेत शब्दच आहे, 'मागे राहिलेली मुलं'.

मला हे इतकं लागलं, कारण मीही तसलीच. आई-बाबा लालबागला, मी संगमेश्वर तालुक्यात आजीजवळ. खोली दहा बाय दहाची, तीत दोन काका, आई गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची. पोर कुठे ठेवणार? बाबा गणपतीला आणि शिमग्याला दिसायचे. तिकडेही तसंच, चिनी नववर्षाला सगळा देश गाडीत बसतो, गणपतीत आपल्या कोकण रेल्वेला असते तशी गर्दी, फक्त देशभर. पण १९७७ मध्ये बाबांनी ठरवलं आणि मला आणलं. परळच्या म्युनिसिपल शाळेत गावच्या शाळेचा दाखला दाखवला आणि नाव घातलं. त्या दिवशीच वर्गात बसले. संगमेश्वरची पोर मुंबईत का शिकते, हे कुणी विचारलं नाही. बाबांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मलाही चाळीस वर्षं वाटलं नव्हतं.

दुभाषीला मात्र तिचा देश वाईट आहे असं म्हटलेलं चालत नाही, आणि तिचं म्हणणं मी ऐकून घेतलं. तिची आजी निरक्षर होती, आई सातवी शिकली, ती स्वतः पदवीधर. गावात पक्का रस्ता आहे. गेल्या चाळीस वर्षांत तिकडे ८० कोटींच्या आसपास माणसं अतिगरिबीतून बाहेर आली असं जागतिक बँक सांगते, आणि त्यातलं एक घर तिचं. हे खोटं नाही. झुझोच्या सरकारी कारखान्यातला तिचा मामा मात्र नव्वदच्या दशकाच्या शेवटी घरी बसला. घर, दवाखाना, शाळा, सगळं कारखान्याचं. 'लोखंडी वाडगा' म्हणायचे त्या नोकरीला, कधी न फुटणारा. लग्नाच्या नोंदणीलाही कारखान्याची चिठ्ठी लागायची, २००३ पर्यंत. लाखो माणसं अशी घरी बसली. मामा अजून कारखान्याच्या दिशेला बघत चहा पितो, असं ती म्हणाली. असे मामा आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर होते.

जून २०२० मध्ये आपल्याकडे वीचॅट हे चिनी मेसेजिंग ॲप बंद झालं, तेव्हापासून आमची ईमेल चालतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती तेव्हा राहायची तो ग्वांगझोचा हायझू जिल्हा कोविडमुळे आठवडेच्या आठवडे बंद होता. खांगलच्या कामगारांना रोजचं काम नाही तर रोजचं जेवण नाही, आणि गावी जायलाही परवानगी नाही. महिन्याच्या मध्यावर त्यांनी अडथळे ढकलून दिले. तिचं पत्र एवढंच: "आम्ही ठीक. भाजी मिळते. खिडकीतून शेजारीण मीठ देते." हात मिळवता येतो त्याच खिडकीतून. आपल्या २०२० च्या लॉकडाउनमध्ये, उन्हात पायी निघालेले लोक मला आठवले. त्यांनाही वाटेत राज्यांच्या सीमांवर अडवलं, आणि पोचवणाऱ्या गाड्या सुटल्या त्या मे महिन्यात.

पुढच्या वर्षी तिने ग्वांगझो सोडलं. मुलगा माध्यमिक शाळेत जाणार होता, म्हणून तालुक्याच्या गावी खोली घेतली, त्याला आजीकडून आणलं, आता घरून भाषांतरं करते. पैसे निम्मे मिळतात. मुलगा शनिवार आला की आजीकडे पळतो.

गेल्या महिन्यात तिने विचारलं, "चिए, तुला गावाहून आणलं तेव्हा आईशी किती दिवसांनी नीट झालीस?"

दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही. मग खरं तेच लिहिलं. मी जूनमध्ये आले होते. बोलायला लगेच लागले. आईच्या अंथरुणात झोपायला मात्र दिवाळी उजाडली.