अभ्यासिकांच्या गल्ल्यांत तीन दिवस आणि पहिले चार ग्राहक

कोल्हापूरहून रात्रीच्या एसटीने निघून पहाटे स्वारगेटला उतरले, तेव्हा पुण्यात मी प्रत्यक्ष भेटलेलं असं कुणीच नव्हतं. टेलिग्रामवर मात्र स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी शंभरेक मुलं मला नावाने ओळखत होती. दीड महिना रोज रात्री जेवण झालं की मी त्यांच्या गटांत तासभर बसायचे. त्या तासांमधून पुढे काय निघालं, ते इथे लिहिते आहे. लहान गावात बसून पुण्यातल्या लोकांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा तपशिलात लिहिते.

थोडं मागचं सांगते. मी आणि माझा मावसभाऊ मिळून अभ्यासिकांसाठी सॉफ्टवेअर केलं. कुठली खुर्ची कुणाची, फी कधी संपते, लॉकरची किल्ली कुणाकडे, एवढंच त्यात होतं. पहिली जाहिरात आम्ही स्टार्टअपवाल्या मंडळींच्या एका गटात टाकली. तिथे मनापासून कौतुक झालं. कुणी रंग सुचवले, कुणी बटणं मोठी करायला सांगितली. पण त्या गटात अभ्यासिका चालवणारं एकही माणूस नव्हतं. फायली इंटरनेटवर ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्सच्या ड्रू ह्यूस्टनने २००७ च्या एप्रिलमध्ये आपल्या सॉफ्टवेअरची चित्रफीत हॅकर न्यूज या प्रोग्रामर मंडळींच्या संकेतस्थळावर टाकली आणि तिथून त्याला सुरुवातीचे लोक मिळाले, हे आम्ही वाचलं होतं. तिथे बसणाऱ्या प्रोग्रामरांनाच फायली इकडून तिकडे न्यायचा रोजचा त्रास होता, म्हणून त्याचं जमलं, हे आमच्या ध्यानात यायला महिना गेला. सदाशिव पेठेतले अभ्यासिकावाले काका हॅकर न्यूज कशाला वाचतील?

मग मी मुलांचे गट शोधले. टेलिग्रामच्या खुल्या गटांत जुने संदेशही वाचता येतात, आणि हा फार मोठा फायदा आहे. मी ‘फी’, ‘डिपॉझिट’, ‘जागा’, ‘खुर्ची’ असे शब्द एकेक करून शोधत वर्षभराचं बोलणं वाचून काढलं. दोन गोष्टी सारख्या दिसत होत्या. पहिली म्हणजे, ‘शनिपारजवळ मुलींसाठी कुठे जागा आहे का?’ दुसरी, ‘फी भरली तरी काका म्हणतात आली नाही.’ दुसरीचं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं. पहिलीवर मात्र काम करता येण्यासारखं होतं. मी गटाच्या अ‍ॅडमिनला आधी खाजगीत लिहिलं: मी सॉफ्टवेअर करते, जाहिरात टाकणार नाही, रिकाम्या जागांची यादी करून रोज टाकली तर चालेल का? तो स्वतः तयारी करणारा मुलगा होता. लगेच हो म्हणाला. मी फोन करकरून एका शीटमध्ये जागा भरू लागले. पंधरा-वीस दिवसांनी मालक स्वतःहून मला कळवू लागले, ‘ताई, दोन खुर्च्या सुटल्या, यादीत घाला.’ माझ्या सॉफ्टवेअरबद्दल मी तोवर कुठेही एक अक्षर लिहिलं नव्हतं.

हे ज्यांना करायचं आहे त्यांनी एक पथ्य पाळावं. गटातले नंबर उपसून त्यांना संदेश पाठवू नयेत. आपला नंबर बंद होण्याचा धोका आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ती मुलं गावाकडून पैसे मागवून राहतात, त्यांना रोज कुणीतरी काहीतरी विकायला येत असतं. त्यांच्या विश्वासावर आपण पुण्यात शिरतो.

आता प्रवास. स्वारगेटहून मंडईपर्यंत मेट्रोचं एकच स्थानक आहे, १० रुपये तिकीट. सकाळी सहाला गाड्या सुरू होतात. मंडईला उतरून शनिपारपर्यंत दहा मिनिटं चालायचं. सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि नवी पेठ असं एका दिवसात पायीच होतं. गाडी घेऊन येऊ नका, लावायला जागा शोधण्यात सकाळ जाते. मी मैत्रिणीच्या बहिणीच्या खोलीवर उतरले, आंघोळ केली आणि नऊला बाहेर पडले. ती घाई होती. सकाळी मालक कुठे भेटत नाहीत, झाडलोट करणारे दादा भेटतात. अकरा ते साडेबारा आणि संध्याकाळी पाचनंतर, या दोनच वेळा कामाच्या. मधल्या वेळात मी अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांसमोर उभी राहून मुलं काय विकत घेतात ते पाहत होते.

पहिले काका नारायण पेठेत भेटले. दोन मजले, त्र्याण्णव खुर्च्या. मी नाव सांगितलं तर म्हणाले, “ती यादी करणारी तूच का? बस, चहा सांगतो.” लॅपटॉप मी पिशवीतच ठेवला. वही दाखवा म्हटलं. लाल कापडी बांधणीची वही त्यांनी पुढे सरकवली. प्रत्येक मुलाचा महिना वेगळ्या तारखेला सुरू होतो, कारण जो ज्या दिवशी आला तो त्याचा पहिला दिवस. म्हणजे त्र्याण्णव मुलांच्या त्र्याण्णव तारखा. मग त्यांनी मोबाइल उघडून फोन-पेवर आलेली रक्कम दाखवली. नाव होतं मुलाच्या चुलत्याचं. “आता हा चुलता कुणाचा, हे मी कसं ओळखू सांग? मुलाला विचारलं तर त्याला वाटतं, काका खोटं बोलतात.” गटातल्या वर्षभराच्या बोलण्यात वाचलेल्या तक्रारीचं मूळ मला तिथे, त्या टेबलाशी कळलं. भरणारा बाप, चुलता किंवा दाजी असतो, बसणारा मुलगा असतो, आणि वहीत नाव मुलाचं असतं. ऑनलाइन मला फक्त मुलांची बाजू दिसत होती.

त्या रात्री मावसभाऊ आणि मी दीडपर्यंत फोनवर होतो. यूपीआयच्या क्यूआरमध्ये रक्कम आणि टीप आधीच भरून ठेवता येते. आम्ही प्रत्येक खुर्चीचा वेगळा क्यूआर काढला, टिपेत खुर्चीचा नंबर घातला. मुलाने तो गावाकडे पाठवायचा, मग पैसे कुणीही भरू देत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी एका मुलाला बोलावलं, मुलाने वडिलांना क्यूआर पाठवला. थोड्या वेळाने काकांच्या मोबाइलवर फी जमा झाली आणि सोबत ‘खुर्ची ४३’ असं दिसलं. काका काही बोलले नाहीत. वहीत ४३ समोर खूण केली आणि विचारलं, “महिन्याचे किती घेणार?”

मी पाचशे सांगितले, तीन महिन्यांचे आगाऊ. आवाज कापत होता, पण सांगितले. याबद्दल माझं मत ठाम झालं आहे: पहिल्या ग्राहकाकडून पैसे घ्याच. नवी पेठेतल्या एका ताईंना मी भीड म्हणून महिनाभर फुकट वापरायला दिलं. त्यांनी ते आजवर उघडलेलं नाही. ज्यांनी पैसे दिले ते मात्र रात्री अकरालाही फोन करून चुका सांगतात. त्या चुकांनीच सॉफ्टवेअर सुधारतं आहे.

दुसऱ्या दिवशी दोन ठिकाणी नकार मिळाला. त्यांची बारा-पंधरा मुलं, त्यांना वही पुरते. तिसऱ्या ठिकाणी वेगळंच समजलं. मालक दादा फीची आठवण व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवत होते आणि निम्मी मुलं ‘आलीच नाही’ म्हणत होती. मुलं खरंच सांगत होती. ब्रॉडकास्टचा संदेश ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोचतो, आणि यादीत २५६ जणच बसतात. मी एवढंच समजावलं, प्रत्येक मुलाला प्रवेशाच्या वेळीच नंबर सेव्ह करायला लावा म्हटलं. विकायचं काहीच बोलले नाही. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. एसएमएस पाठवायचा विचार असेल तर आधी डीएलटी, म्हणजे व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्यांची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी, करावी लागते, संदेशाचा मसुदाही मंजूर करून घ्यावा लागतो. त्याला वेळ धरून ठेवा, ग्राहकाला ‘उद्यापासून’ असं सांगून बसू नका.

तिसरा दिवस शास्त्री रस्त्याच्या बाजूला गेला. तिथल्या एका मालकांनी २०२४ चा ऑगस्ट सांगितला. २५ ऑगस्टची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आयबीपीएसच्या बँकभरती परीक्षेच्या दिवशीच आली होती, मुलं रस्त्यावर बसली, आणि आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. ती शेवटी १ डिसेंबरला झाली. “ऑगस्टअखेर जाणार म्हणालेली मुलं राहिली आणि नव्यांना मी जागा कबूल करून बसलो होतो.” हा धंदा परीक्षेच्या तारखांवर फिरतो. परीक्षेआधी जागा मिळत नाही, नंतर खुर्च्या रिकाम्या पडतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जायची अंदाजे तारीख’ असा रकानाच नव्हता. आता आहे. आणि तुम्ही अभ्यासिकांकडे जाणार असाल तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका. तेव्हा तिथे दार वाजलेलंही मुलांना सहन होत नाही.

तीन दिवसांत अकरा ठिकाणी गेले. तिघांनी तिथेच पैसे दिले, चौथे ते ब्रॉडकास्टवाले दादा. अकरापैकी नऊ जण मला यादीमुळे आधीच ओळखत होते. अनोळखी म्हणून ज्या दोन दारांत गेले, तिथे पाणीसुद्धा उभ्याने प्यायले.

निघताना नारायण पेठेतल्या काकांनी मला अभ्यासिकावाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात घातलं. लिहिलं, “ही आपली कोल्हापूरची मुलगी, खुर्चीवार क्यूआर हिनेच करून दिला.” बसमध्ये साताऱ्यापर्यंत मी त्या गटातलं येईल ते वाचत होते. लाइटबिलं, एसीचा मेकॅनिक, एकाच मुलाने दोन ठिकाणी दिलेलं डिपॉझिट. गटात मी ‘नमस्कार’ एवढंच लिहिलं आहे. मावसभाऊ म्हणतो लिंक टाक. मी महिनाभर वाचणार आहे, आणि सध्या एसीच्या मेकॅनिकचे खात्रीचे नंबर गोळा करते आहे.