मागच्या रांगेचा दिग्दर्शक

‘घाशीराम कोतवाल’ची संहिता वाचली म्हणजे नाटक कळलं असं जो म्हणतो, त्याच्याशी माझं पटत नाही. ते लिहिणारे विजय तेंडुलकर मोठेच. पण ते नाटक रंगमंचावर उभं राहतं ते दिग्दर्शक जब्बार पटेलांच्या कानामुळे. कान हा शब्द मी विचार करून वापरतोय. मी सोलापुरातला हौशी ढोलकीवाला आहे. दिवसा बँकेत, संध्याकाळी तालमीत. त्यामुळे नाटक असो की सिनेमा, माझं लक्ष आधी मागे जातं. मागे कोण उभं आहे, कोण झील धरतंय, कोण गप्प आहे, ते मी बघतो. जब्बार पटेलांची सगळी कारकीर्द मी अशी मागच्या रांगेकडून बघत आलोय आणि मला वाटतं, ती तिथूनच नीट दिसते.

आमच्या ग्रुपने ‘घाशीराम’मधले काही प्रवेश बसवायला घेतले होते. मी वाजवायला बसायचो. या नाटकात गाणाऱ्या माणसांची एक रांग पडद्यासारखी उभी असते. त्या रांगेतला एक मुलगा परीक्षेमुळे येईना, म्हणून नाटक बसवणाऱ्या सरांनी मला उठवून त्याच्या जागी उभं केलं. धोतर, उपरणं, दोन्ही बाजूंच्या खांद्यांना खांदा. सर सारखे ओरडायचे, “फट दिसता कामा नये!” प्रेक्षकांकडे तोंड करून गायचं, डुलायचं, ताल सोडायचा नाही. आणि पाठीमागे नाना फडणवीस एका पोरीच्या मागे लागलेला. रांगेतल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. फक्त ऐकू येतं. घुंगरांचा आवाज येतो, धावणाऱ्या पायांचा येतो, आणि आपण मोठ्यांदा देवाचं नाव घेत असतो. त्या जागी उभं राहिल्यावर मला त्या नाटकाची भीती वाटली. इतक्या वर्षांत प्रेक्षक म्हणून ती कधी वाटली नव्हती.

माणसांच्या पडद्याची कल्पना तेंडुलकरांनी कोकणातल्या ‘खेळे’ या लोकनाट्यावरून घेतली. तिला चाल दिली भास्कर चंदावरकरांनी, पावलं दिली कृष्णदेव मुळगुंदांनी. पण ही रांग कधी भिंत, कधी पडदा, कधी पुण्यातली गर्दी आणि शेवटी घाशीरामच्या जिवावर उठलेला जमाव होते, तेही डोळ्यांदेखत आणि गाणं न थांबवता. ही जोडणी दिग्दर्शकाची. घाशीरामवर चोरीचा आळ येतो तेव्हा हीच माणसं मजा बघतात, तो कोतवाल झाल्यावर हीच चळाचळा कापतात, आणि त्याचा काटा काढायची वेळ येते तेव्हाही हीच पुढे असतात. नाना फडणवीस हे नाटकातलं मोठं पात्र खरं, पण नानाला नाना ठेवते ती ही रांग.

१६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात पीडीएने, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या नाट्यसंस्थेने, हे नाटक पहिल्यांदा केलं. १९ प्रयोग झाले आणि संस्थेने ते थांबवलं. मग नाटकातली मंडळी बाहेर पडली, २७ मार्च १९७३ ला थिएटर अकॅडमी स्थापन झाली आणि ११ जानेवारी १९७४ ला ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं. १९८० मध्ये ते युरोपात गेलं, तेही इथला कडवा विरोध अंगावर घेऊन. एका नाटकासाठी संस्था सोडायची आणि नवी काढायची, हे सांगायला एक ओळ पुरते. पण ज्यांनी हौशी संस्था चालवली आहे त्यांना माहीत असतं की तालमीची जागा, कपडेपट, वाद्यं, सगळं पहिल्यापासून जमवायचं म्हणजे काय असतं. आणि ही मंडळी पोटासाठी नाटक करणारी नव्हती. जब्बार स्वतः बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. नाना करणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ.

जब्बार पटेलांचा जन्म १९४२ चा, पंढरपूरचा. शाळा आमच्या सोलापुरात. प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरी त्यांचा वावर असे, आणि त्या घरात कुमार गंधर्व, पु. ल. यांच्यासारख्यांचं येणंजाणं होतं. सोलापूरकर म्हणून याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. पुढे त्यांनी कुमारजींवर ‘हंस अकेला’ हा माहितीपट केला आणि पुलंचा ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ मध्ये रंगमंचावर आणला. त्या कानाची सुरुवात त्या घरात झाली असावी, असं मी धरून चालतो.

सिनेमात आल्यावरही त्यांनी आपली माणसं सोडली नाहीत. ‘घाशीराम’मध्ये गाणारे रवींद्र साठे ‘सामना’त गातात. आगाशे ‘सामना’त मारुती कांबळे होतात आणि ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर आदिवासींमधला नाग्या. ‘सामना’ १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील आणि मास्तर, म्हणजे निळू फुले आणि डॉ. लागू, यांच्या जुगलबंदीवर पुष्कळ लिहून झालंय. मला त्यात गाव दिसतं. नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं, हे गावाला माहीत असतं. गाव बोलत नाही. एक दारुडा उपरा येतो आणि विचारत सुटतो. ‘घाशीराम’मधली रांग गात होती, ही गप्प आहे. फरक तेवढाच.

मग १९७९ चा ‘सिंहासन’. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, पटकथा तेंडुलकरांची, सिनेमा कृष्णधवल. इथे जब्बारांनी जे केलं त्याला मी मनापासून दाद देतो. ‘सामना’तली जोडी त्यांनी उलटी फिरवली. सत्ता भोगणारे निळूभाऊ इथे पत्रकार दिगू टिपणीस, आणि प्रश्न विचारणारे डॉ. लागू इथे मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवून बसलेले अर्थमंत्री दाभाडे. दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा. निळूभाऊंची मान बघा. हिंदुराव मान वळवतो ती अख्ख्या धडासकट. दिगूची मान खांद्यात रुतलेली, ऐकण्यासाठी जराशी पुढे आलेली. दिगू सगळं ऐकतो, त्याला सगळं कळतं, आणि शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. रांगेतल्या एका माणसाने मागे वळून बघितलं तर त्याचं काय होईल, ते तिथे दिसतं.

‘उंबरठा’ १९८२ चा. स्मिता पाटीलबद्दल मी नवं काही सांगू शकणार नाही. पण सुलभा महिलाश्रमात जाते तेव्हा तिच्याभोवती ज्या बायका आहेत, त्यांतली एकही नुसती गर्दी म्हणून उभी नाही. प्रत्येकीला चेहरा आहे, हट्ट आहे. कमिटीवरच्या प्रतिष्ठित मंडळींपेक्षा त्या आपल्याला जास्त आठवतात, यात दिग्दर्शकाची बाजू कळते.

‘एक होता विदूषक’वर मात्र अन्याय झाला असं मला वाटतं. १९९२ चा सिनेमा, लेखन पुलंचं, गाणी महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. लक्ष्मीकांत बेर्डे म्हटल्यावर लोकांना हसायचं होतं, आणि इथे तमाशातला सोंगाड्या सिनेमात मोठा होऊन राजकारण्यांच्या हाताला लागतो. ढोलकीवाला म्हणून सांगतो, त्यातला फड खरा आहे. लावणीला मागची माणसं जशी साथ करतात, कुठे थांबतात, कुठे जी जी करून उचलून धरतात, त्यात सिनेमासाठी केलेली खोटी सजावट नाही. लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना नृत्यदिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो याच सिनेमासाठी. लक्ष्मीकांतने यात जे काम केलंय त्याची बरोबरी त्याच्या गाजलेल्या सिनेमांतलं एकही काम करत नाही.

आणि मग ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’. मामुट्टींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या ग्रुपमधल्या नव्या पोरांनी जब्बार पटेलांचं काय बघू असं विचारलं की मी हाच सिनेमा सगळ्यांत शेवटी बघायला सांगतो. आधी ‘घाशीराम’ची रांग समजून घ्या, ‘सामना’तलं मुकं गाव बघा, आणि मग महाडला चवदार तळ्याकडे निघालेली माणसं बघा. तीही खांद्याला खांदा लावून चालतात, पण कुणाला झाकण्यासाठी नाही. त्या प्रसंगात मामुट्टींवरून नजर काढून मागच्या लोकांकडे बघा, असं मी पोरांना बजावतो. पुढच्या महिन्यात राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू होतायत. त्याआधी एका रविवारी सगळ्यांनी मिळून तो बघायचा, असं ठरलंय.