निम्मा कप

वाईजवळ मालिकेचं शूट, मी कंटिन्युइटीला, एका शॉटातलं दुसऱ्या शॉटात जुळतंय का ते बघायला. म्हणजे सगळ्यात नवखा, शिव्या खायला पहिला. आज मास्टर शॉटला (अख्खा सीन एकदम घेतात तो) कपात चहा निम्मा होता, सूनबाईचा पदर खोचलेला. मग तेच जवळून घेताना, क्लोजला, बघतो तर कप काठोकाठ! दिग्दर्शक असा खेकसला, मेणवलीच्या घाटापर्यंत ऐकू गेलं असंल.

२०१७ ला 'लागिरं झालं जी' लागायची, तेव्हा आमची जेवणं टीव्हीसमोरच. आपली साताऱ्याची बोली टीव्हीवर, काय कौतुक! आता आईशेजारी बसलं तरी गोष्ट दिसतच नाही, नुसते कप दिसतात. (बांगड्यापण मोजतो.)

आईचं एकच, "त्या सुनेला उद्या घराबाहेर काढत्यात का रं?"

मला माहितीय. पण सांगितलं तर मलाच काढतील.