मशीन लावून जा की!

सोलापुरात उतरलं की पहिल्या दोन दिवसांत चार-पाच गुडघे, एखादी कंबर आणि एक "हात वर जाईना बघ" एवढं बघून होतं. बॅग उघडायच्या आधी. मी इंग्लंडात फिजिओथेरपिस्ट आहे हे आईने पूर्व भागातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय. त्यामुळे पोरं चॉकलेटं मागायला येतात आणि मागोमाग त्यांच्या आज्या गुडघे घेऊन.

या खेपेला गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी म्हणून जानेवारीत रजा काढली होती. पहिला नंबर समोरच्या अक्कांचा. पासष्टीच्या पुढे वय, त्यातली पन्नास वर्षं विड्या वळण्यात गेली. मांडीवर सूप, एक पाय दुमडलेला, एक पसरलेला, मान खाली. गेल्या वर्षी त्यांनी दहा दिवस शेक आणि करंट घेतला होता. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. "तू तिकडं शिकलीस की. मशीन आणलंस काय? एकदा लावून जा की!"

मशीन आणलं नव्हतं. लीड्सजवळच्या ज्या गावात मी नोकरी करते तिथेही गुडघ्याच्या पेशंटला शेवटचं मशीन कधी लावलं, ते आठवत नाही. हे ऐकून आईचा चेहरा पडला. "मग तिथं तू करतेस तरी काय?"

हे सगळं तिच्यासाठीच लिहितेय असं समजा.

माझ्याकडे पेशंट येतो तो तीन-चार भेटींपुरता. पहिली भेट पाऊण तासाची, नंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांच्या. आठवड्याचे तास १६८. त्यातला अर्धा तास माझा, तोही दर आठवड्याला नाही. उरलेल्या वेळात तो गुडघा कुठे जातो, कोणाबरोबर जातो, की सोफ्यावरच बसून राहतो, यावरच सगळं ठरतं. गुडघ्याची झीज झालेल्याला पहिला उपाय म्हणून व्यायाम सांगायचा, हे आता तिथे सगळेच मानतात. सांगणं सोपं आहे. कॉलेजात आम्हाला व्यायाम शिकवले, पण घरी गेल्यावर तो माणूस ते का करेल, हे कोणी शिकवलं नव्हतं.

माझ्या सुरुवातीच्या पेशंटांत एक निवृत्त बसड्रायव्हर आजोबा होते. (ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय.) बायको गेलेली, मुलं दुसऱ्या शहरात. मी त्यांना चित्रांसकट आठ व्यायामांचा कागद दिला. तीन आठवड्यांनी आले तेव्हा कागद कोटाच्या खिशातच होता, मी घातलेल्या घडीसकट. मी तोच कागद पुन्हा समजावायच्या बेतात होते, तेवढ्यात माझ्या वरिष्ठ बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि आजोबांना एवढंच विचारलं, "गुडघा दुखायच्या आधी शनिवारी काय करायचात?"

"फुटबॉल." मग दहा मिनिटं आजोबाच बोलत होते.

तिकडे चालत खेळायचा फुटबॉल असतो. २०११ मध्ये चेस्टरफील्डमध्ये वयस्क पुरुषांसाठी तो सुरू झाला आणि मग देशभर पसरला. पळायचं नाही, पळालात तर फाउल. आमच्या गावातही गुरुवारी सकाळी एक गट खेळायचा. पण बाईंनी नुसता पत्ता दिला नाही. आजोबांसमोरच फोन लावला. गाडी कुठे लावायची, संडास मैदानापासून किती लांब, पहिल्या दिवशी दारात कोण उभं असेल, नुसतं बघायला आलं तर चालेल का, हे सगळं विचारून घेतलं. एकट्या म्हाताऱ्या माणसाला नव्या ठिकाणी जाताना गुडघ्यापेक्षा दार जास्त जड जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

ड्रायव्हरवरून आठवलं. व्यायामाचं जे शास्त्र आम्ही सांगत फिरतो त्याचा एक मोठा पाया लंडनच्या बसमध्ये घातला गेला. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस तीच, मालक तोच. एक दिवसभर बसलेला आणि दुसरा तिकिटं फाडत जिना चढणारा-उतरणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. हे १९५३ साली छापून आलं. आजोबांना मी ते सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे कंडक्टर बरोबर होता तर. आयुष्यभर त्याच्याशी भांडलो."

आता तिकडे अशा सोयी बऱ्याच आहेत. सांधेदुखीसाठी 'एस्केप-पेन' नावाचा कार्यक्रम आहे: सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गटाने व्यायाम आणि गप्पा. तो दवाखान्याबाहेर व्यायामशाळांतही चालतो. दर शनिवारी सकाळी बागेत पाच किलोमीटरचं फुकट 'पार्करन' असतं. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा जणांनी सुरुवात केली होती. २०१८ पासून डॉक्टरांचे दवाखाने त्याच्याशी जोडून घेऊ लागले. ते चालत पूर्ण केलं तरी चालतं, सगळ्यांत मागे एक स्वयंसेवक ठेवलेलाच असतो, त्यामुळे शेवटचे तुम्ही कधीच नसता. २०१९ नंतर डॉक्टरांच्या दवाखान्यांत 'लिंक वर्कर' नेमले गेले. पेशंटला वस्तीतल्या कुठल्या गटात जाता येईल ते बघायचं, हेच त्यांचं काम.

पण इकडे वाचणाऱ्यांना 'बघा, तिकडे कसं' असं वाटायला नको. चिठ्ठी देऊन जिमला पाठवायच्या ज्या योजना आहेत त्या साधारण बारा आठवडे स्वस्तात चालतात, आणि सवलत संपली की माणसंही गळतात. २०१४ मध्ये तिथल्याच 'नाइस' या सरकारी मार्गदर्शक संस्थेने सांगितलं की माणूस नुसता बैठा आहे, बाकी काही आजार नाही, एवढ्यासाठी अशा योजनांवर पैसे घालू नका.

आणि माझी स्वतःची चूक तर मी विसरूच शकत नाही. एक गुजराती बा आल्या होत्या. मी मोठ्या हौशीने त्यांना पाण्यातल्या व्यायामाला पाठवलं, गुडघ्यांना उत्तमच. त्या परत आल्याच नाहीत, फोनही उचलेनात. दोन महिन्यांनी सुनेकडून कळलं की तो वर्ग बाया-पुरुषांचा एकत्र होता आणि पोहायचे कपडे घालायचे म्हणून बांना रात्रभर झोप लागली नाही. सोलापुरात वाढलेल्या मला हे आधी सुचू नये? पुढे त्या देवळाच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून करायच्या बायकांच्या वर्गाला जायला लागल्या. तो वर्ग मी शोधला नव्हता, सुनेने शोधला.

तर, अक्का.

मी त्यांना खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला लावलं. तिसऱ्यांदा ओठ चावला. गुडघा वाकवून-सरळ करून पाहिला. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मग माझ्या वरिष्ठ बाईंचाच प्रश्न विचारला, गुडघा धरायच्या आधी काय करायचात?

"कोजागिरीला तुळजापूरला जायचो की चालत. गल्लीतल्या सगळ्याजणी."

सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. आमच्याकडे हजारो माणसं ते रात्रीचं चालतात आणि त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. संक्रांतीआधी नंदीध्वजाचा, म्हणजे गड्ड्यात उचलून मिरवायच्या उंच, जड काठ्यांचा सराव करणाऱ्या पोरांच्या खांद्यांना आणि कमरेला जे काम पडतं, ते मी माझ्या कुठल्याही कागदावर लिहायला धजावणार नाही. पण हे वर्षातून एकदा. मधल्या अकरा महिन्यांचं काय?

आठवड्याला १५० मिनिटं, असं मी तोंडपाठ म्हणून गेले. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. अक्कांनी शांतपणे एकेक अडचण पुढे ठेवली. सकाळी? पाण्याचा दिवस असला तर नळ सोडून जाता येत नाही. संध्याकाळी? दिवे नाहीत, कुत्री आहेत. दुपारी? मार्चनंतर बोलूच नका. कंबर तलावाला फिरायला जा म्हणावं तर तिथे जायलाच रिक्षा. "आणि विड्या कोण वळणार? तू?"

मग मी गप्प बसून त्यांचा दिवस ऐकला. त्यात एक गोष्ट सापडली. वळलेल्या विड्या द्यायला त्या आणि गल्लीतल्या आणखी दोघी रोज कारखान्यात जातात, एकाच रिक्षातून. जाताना डोक्यावर ओझं, ते ठीक. येतानाही रिक्षाच.

"येताना निम्म्यात उतरायचं," मी म्हटलं. "मार्कंडेय मंदिरापाशी. तिघींनी. बोलता येईल एवढ्या वेगाने चालायचं, पण गाणं म्हणता येता कामा नये."

"मला बसूनसुद्धा येत नाही," अक्का म्हणाल्या.

चालताना थोडं दुखलं तर थांबायचं नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरत असेल तर चालू द्यायचं, चढलेलंच राहिलं तर अंतर कमी करायचं. मालिकेत जाहिराती लागल्या की खुर्चीवरून दहा वेळा उठायचं. एवढंच. कागद दिला नाही. त्याऐवजी बाकीच्या दोघींना बोलावून घेतलं, त्यांचेही गुडघे बघितले (पाहावेच लागले), आणि रिक्षावाल्या मामांना सांगून ठेवलं की परतीला घरापर्यंत सोडायचं नाही, कितीही शिव्या दिल्या तरी. मामा म्हणाले, "म्हंजे माझं निम्मं भाडं गेलं की." ते खरंच होतं. अक्कांनी त्यांच्याशी काय ठरवलं ते मला सांगितलेलं नाही.

तुळजापूरचं मी कबूल केलं नाही. दर वेळी अक्कांनीच विषय काढला आणि मी टाळला.

लीड्सला परतल्यावर पाचव्या आठवड्यात आईच्या फोनवरून अक्कांचा आवाज आला. तिघींपैकी एकीच्या सुनेचं बाळंतपण, म्हणून सध्या दोघीच. मंदिरापासून चालत येतात, मधे एका कट्ट्यावर बसतात. काल रात्री गुडघा दुखला.

मी विचारलं, सकाळपर्यंत उतरला होता का?

बराच वेळ मागे फक्त प्रेशर कुकरच्या शिट्ट्या. मग म्हणाल्या, "सकाळी बघायचंच राहिलं बघ. पाणी आलं होतं."